मनाचे डॉक्टर, मनाचे रोगी आणि पडदा : ‘देवराई’च्या निमित्ताने



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर सिनेमा-मालिकांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण नांदेड हे नरहर कुरुंदकरांचं गाव आहे. मनुस्मृती असो, भरताचं नाट्यशास्त्र असो की कालपरवाची कादंबरी असो, समोर आलेल्या गोष्टीला ‘हे खरं कशावरून?’ असं विचारायची सवय या गावाच्या श्रोत्यांना गुरुजींनी लावून ठेवली. तोच प्रश्न आज पडद्याला विचारायचा आहे.

प्रश्न असा. पडद्यावर मनोरुग्ण आणि त्याचा डॉक्टर समोरासमोर बसतात, तेव्हा ते नाटक नेमकं कुणाचं असतं? डॉक्टरचं, रोग्याचं, की तिसऱ्याच कुणाचं? आणि त्या नाटकातून आपल्या मनात वेडाविषयी जी समजूत तयार होते, ती घरात खरोखर आजारी माणूस असताना कामाला येते का?

हे नुसतं कलेचं कोडं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. निरनिराळ्या आजारांत मिळून ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. म्हणजे बहुतेकांनी मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्षात पाहिलेलाच नाही. त्यांनी पाहिलाय तो पडद्यावरचा. आता पडद्यावरचा डॉक्टर खोटा असेल, तर खऱ्या डॉक्टरकडे जायचा रस्ता तिथेच बंद होतो की नाही, बघा.

सुरुवात जरा लांबून करू. अमेरिकेत १९६२ साली एनबीसी वाहिनीवर ‘द इलेव्हन्थ अवर’ नावाची मालिका सुरू झाली. अकरावा तास, म्हणजे अगदी शेवटची घटका. वेंडेल कोरी हे नट त्यात मानसोपचारतज्ज्ञ झाले होते, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी राल्फ बेलामी आले, आणि सोबत जॅक गिंग यांचा तरुण मानसशास्त्रज्ञ. दोन वर्षं ती चालली. १९६३ मध्ये एबीसी वाहिनीने त्याच वळणाची ‘ब्रेकिंग पॉइंट’ काढली, ती एका हंगामात आटोपली. तासाभराचा भाग, त्यातून जाहिराती वजा करा. दर आठवड्याला नवा रोगी, नवी व्यथा, आणि डॉक्टर मात्र तेच.

या मालिकांचं एक श्रेय आधी देऊन टाकू. वेडा म्हणजे दात विचकणारा, केस पिंजारलेला, खो-खो हसणारा प्राणी, ही कल्पना त्यांनी मोडली. रोगी हा आपल्यासारखा नीटनेटका, नोकरी करणारा, मुलाबाळांचा माणूस असू शकतो, हे त्यांनी दिवाणखान्यात बसलेल्या माणसांना दाखवलं. १९६२ साली ही लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडे तर त्यानंतरही कितीतरी वर्षं नाटक-सिनेमात वेडा आला की प्रेक्षकांनी हसायचं, असा रिवाजच होता. ‘येरवड्याला धाडा याला’ म्हटलं की टाळी पडणार.

पण अशा मालिकांचा सांगाडा काय असतो? रोग्याच्या मनात एक कुलूप असतं. त्या कुलपाची किल्ली त्याच्या भूतकाळात कुठेतरी पडलेली असते. लहानपणी पाहिलेला अपघात, दडपलेला अपराध, आईचा एखादा शब्द. डॉक्टर गोड बोलत, कधी दरडावत, त्या किल्लीपर्यंत पोचतो. रोगी रडतो, सगळं आठवतं, आणि कुलूप उघडतं. तोवर तास संपलेला असतो.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे थांबून विचारणार, की कारण सापडलं म्हणजे रोग गेला, हे कुणी सांगितलं? पाय कशाने मोडला हे कळल्याने हाड जुळत नाही. मग मनाच्या बाबतीत आपण हे इतक्या सहज का मान्य करतो?

लोक म्हणतात, याला फ्रॉइड जबाबदार. थोडं खरं आहे. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरचा ग्रंथ छापला. त्यात ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने एका तरुणीची हकीकत आहे. ती बोलत गेली, आठवत गेली आणि तिची एकेक लक्षणं गळून पडली, असं त्यात सांगितलंय. ‘बोलून बरं होणं’ ही कल्पना जगभर पसरली ती या हकीकतीतून. पण पुढे संशोधकांनी कागदपत्रं तपासली, तेव्हा कळलं की ब्रॉयरचे उपचार थांबल्यानंतरही ही बाई आरोग्यधामांत दाखल होत राहिली होती. ती सावरली, समाजसेविका म्हणून मोठं काम तिने केलं, पण त्याला वर्षं लागली. छापलेली गोष्ट एवढी सरळ नव्हती.

आमच्या मते खरा दोष फ्रॉइडच्याही मागे जातो. तो नाटकाच्या घडणीतच आहे. ॲरिस्टॉटलने उत्तम शोकांतिकेचं लक्षण सांगताना ‘ओळख पटण्या’च्या क्षणाला फार महत्त्व दिलं. अज्ञानातून ज्ञानाकडे येण्याचा तो क्षण. त्याचं आवडतं उदाहरण ईडिपसचं. पण तिथे काय होतं पाहा. ईडिपसला सत्य कळतं आणि तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. कळल्यामुळे तो बरा होत नाही, उद्ध्वस्त होतो. दूरदर्शन मालिकेने ॲरिस्टॉटलचा तो क्षण उचलला, त्यातली भीती काढून टाकली आणि त्याचं औषध करून विकलं.

आणि खरं औषध? मनोविकारांवरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये १९५२ साली रुग्णांवर वापरलं गेलं. म्हणजे या मालिका आल्या त्याच्या दहा वर्षं आधी. मनोरुग्णालयांचा चेहरा त्या औषधाने बदलायला सुरुवात केली होती. पण मालिकेला गोळीचा काय उपयोग? रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर एक गोळी घ्यायची, सहा महिने, सहा वर्षं, कदाचित जन्मभर. यात नाट्य कुठे आहे? हा प्रश्न लक्षात ठेवा. ‘देवराई’कडे येताना तो लागणार आहे.

त्याआधी हिंदीतलं एक उदाहरण. १९६९ सालचा असित सेन यांचा ‘खामोशी’. त्यांनीच दहा वर्षं आधी बंगालीत केलेल्या ‘दीप ज्वेले जाई’ची ही हिंदी आवृत्ती. वहिदा रेहमान यांनी त्यात मनोरुग्णालयातली परिचारिका केली आहे. प्रेमभंगाने वेडे झालेले पुरुष, आणि त्यांना बरं करण्यासाठी या बाईने प्रेमाचं सोंग करायचं, असा मोठ्या डॉक्टरांचा प्रयोग. पहिला रोगी बरा होऊन निघून जातो. तिने मात्र सोंग केलेलं नसतं. दुसऱ्या रोग्याच्या वेळी ती स्वतःच मोडून पडते.

वैद्यकशास्त्र म्हणून हे सगळं भाकड आहे. पण अमेरिकन मालिकांना जे दिसलं नाही ते ‘खामोशी’ला दिसलं. उपचाराला किंमत पडते, आणि ती किंमत डॉक्टर भरत नाही. ती भरते शेजारी बसलेली बाई. डॉक्टर प्रयोगाचं यश वहीत मांडतो, त्या बाईचं नाव त्या वहीत नसतं. दुर्दैव हे, की सिनेमाने हे पाहिलं आणि त्याची शोकांत प्रेमकथा करून टाकली. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडला. घरातल्या कुठल्या बाईची आठवण त्याला झाली नसावी.

आता ‘देवराई’. २००४ सालचा मराठी चित्रपट. दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या अभ्यासक. मुंबईच्या टाटा संस्थेत शिकल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं, आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट करून सिनेमाकडे आल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ‘देवराई’मागे आणखी एक माणूस होता, डॉ. जगन्नाथ वाणी. खानदेशातले, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. घरातच स्किझोफ्रेनियाशी गाठ पडलेला हा माणूस. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्यामुळे, आणि हा चित्रपट निघाला तोही त्यांच्या पुढाकाराने.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग हा प्रचारपट झाला. आरोग्य खात्याच्या माहितीपटाला गाणी जोडली की झालं. भीती बरोबर होती. ती खरी का ठरली नाही, हेच आमचं आजचं मुख्य सांगणं.

गोष्ट थोडक्यात. शेष हा कोकणातला हुशार, हळवा तरुण. गावाजवळची देवराई हा त्याचा ध्यास. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा तोडायची नाही, असा पिढ्यानपिढ्यांचा दंडक. हे रान नष्ट होतंय, ते वाचवलं पाहिजे, या विचाराने शेषला घेरलंय, आणि हळूहळू विचार कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे त्याला कळेनासं होतं. त्याला आवाज ऐकू येतात. शहरात राहणारी त्याची बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते. नवरा आहे, संसार आहे, आणि मध्ये हा भाऊ. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही भावंडं उभी केली आहेत. मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत आहेत डॉ. मोहन आगाशे.

आगाशे म्हटलं की आमच्या पिढीला आठवतो ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस, १९७२ सालचा. पण हा नट व्यवसायाने खराखुरा मानसोपचारतज्ज्ञ. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होता. खरा डॉक्टर पडद्यावर डॉक्टर होतो, तेव्हा गंमत होते. तो नाट्य करत नाही! दरडावत नाही, किल्ली शोधत नाही, डोळे मिटून स्वप्नांचे अर्थ लावत नाही. तो आजार समजावून सांगतो, औषध देतो, आणि बहिणीशी बोलतो. सिनेमातला हा डॉक्टर नायक नाही. तो गरजेचा माणूस आहे, एवढंच. १९६२ च्या मालिकेत ज्या खुर्चीवर सगळा प्रकाश होता, ती खुर्ची इथे बाजूला सरकवलेली आहे.

आणि किल्ली? ती इथे नाहीच. शेषच्या भूतकाळात दुःखं आहेत. लहानपणापासून जिच्यावर जीव जडला ती कल्याणी आहे, माया आहे, एकटेपण आहे. पण यातल्या एका गोष्टीवर बोट ठेवून ‘हे बघा कारण’ असं चित्रपट म्हणत नाही. आजार आहे. मधुमेहासारखा आहे. तो सांभाळायचा असतो. शेवटी शेष ठणठणीत होऊन कथेचा विजयी वीर होत नाही, तो आजारासकट जगायच्या वाटेला लागतो. म्हणजे मघाचा प्रश्न, रोजच्या गोळीत नाट्य कुठे आहे, त्याला या चित्रपटाने उत्तर दिलं. नाट्य आहे ते त्या घरात. गोळी देणाऱ्या बहिणीचा हात, तिच्या नवऱ्याचा संपत आलेला धीर, भावाला आपण ‘रोगी’ म्हणतोय याची तिच्या पोटातली टोचणी. नाटक तिसऱ्याचं आहे. आम्ही सुरुवातीला विचारलं होतं ना, नाटक कुणाचं? ‘देवराई’चं उत्तर: जो सांभाळतो त्याचं. बहुतेक वेळा, जी सांभाळते तिचं.

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा आणतो, जरा धीर धरा. कार्ल यास्पर्स हे नाव आमच्या विद्यार्थ्यांना अस्तित्ववादाच्या पेपरमुळे माहीत असतं. पण हा माणूस आधी मानसोपचारतज्ज्ञ होता. हायडेलबर्गच्या रुग्णालयात काम करताना त्याने १९१३ साली मनोविकृतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, स्पष्टीकरण देणं. दुसरी, समजून घेणं. सोयाबीन पाण्यात गेलं आणि शेतकरी दोन दिवस जेवला नाही, हे आपण समजून घेतो. त्याच्या जागी स्वतःला ठेवता येतं. पण एखाद्याला एके सकाळी अचानक पक्की खात्री पटते, की समोरच्या लिंबावरचे कावळे आपल्याविषयीच बोलतायत. हे समजून घेता येत नाही. मेंदूतल्या रसायनांनी त्याचं स्पष्टीकरण देता येईल, पण त्या खात्रीच्या आत शिरता येत नाही. यास्पर्सच्या मते खऱ्या भ्रमाची खूण हीच. तिथे आपल्या समजुतीचं दार बंद होतं.

मग कलेने काय करायचं? जिथे समजूत पोचत नाही तिथे कलेने जायचंच नाही का? बहुतेक मालिका इथे खोटेपणा करतात. बंद दार आहे हे मान्यच करत नाहीत, खोटी किल्ली लावून ते उघडून दाखवतात. ‘देवराई’ आपल्याला शेषच्या कानातले आवाज ऐकवतो, त्याच्या डोळ्यांनी रान दाखवतो, आपण थोडे आत जातो. पण त्याच वेळी सीनाचा चेहराही दाखवतो. तिला ते आवाज ऐकू येत नाहीत आणि तरी ती उठून जात नाही. आम्हाला वाटतं, यास्पर्सला हे उत्तर आहे. समजत नसलं तरी सोबत करता येते. समजणं ही सोबतीची पूर्वअट नाही. घरोघरच्या आयांना हे न वाचता ठाऊक असतं, तत्त्वज्ञांना सांगावं लागतं.

स्तुती इथवर. आता दोष, कारण टीका म्हणजे आरती नव्हे.

पहिली हरकत रूपकाची. रान म्हणजे मन, आणि मन म्हणजे रान, अशी या चित्रपटाची मांडणी आहे. देवराईत कुऱ्हाड घालू नये तसं मनातल्या गूढात घुसू नये, दोन्ही राखावं. रूपक सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते. सुझन सॉन्टॅग या अमेरिकन लेखिकेने स्वतः कर्करोगातून जात असताना, १९७८ मध्ये, आजाराची रूपकं करण्याविरुद्ध एक पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं, रूपकाने आजार शोभिवंत होतो किंवा लज्जास्पद होतो, रोग्याला दोन्हींचा जाच. शेष निसर्गासाठी वेडा झाला, असं म्हटलं की त्याचं वेड उदात्त वाटायला लागतं. मराठीत तर हा मोह जुनाच. ‘विठ्ठलाचं वेड’, ‘नाटकाचं वेड’ आपण कौतुकाने म्हणतो. महानुभावांच्या ग्रंथांत रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं वागणं लोकांना वेडेपणाचं दिसतं आणि भक्तांना तीच ईश्वराची लीला असते. वेडाला पूज्य मानणारी ही परंपरा एका अर्थी दयाळू आहे, वेड्याला ती गावाबाहेर काढत नाही. पण ज्याला खरंच स्किझोफ्रेनिया आहे, त्याला पूज्य मानल्याने झोप लागत नाही. ज्या तरुणाला कसलाही ध्यास नाही, जो नुसताच कोपऱ्यात बसून असतो, आंघोळ करत नाही, त्याच्या आजाराला रूपक कुठून आणायचं? ‘देवराई’ बहुतांशी रूपकाला आजारावर स्वार होऊ देत नाही. पण काही ठिकाणी रान इतकं देखणं दिसतं, की आपण शेषचा त्रास विसरतो.

जाता जाता शब्दाचंही सांगतो. स्किझोफ्रेनियाला मराठीत कुणी ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. त्याने घोटाळा होतो. एका माणसात दोन माणसं, सकाळी सज्जन आणि रात्री खुनी, असला हा प्रकार नाही. ते सिनेमावाल्यांचं लाडकं भूत. ‘देवराई’ त्या भुताच्या वाटेला गेला नाही, हे त्याचं मोठं सत्कृत्य.

दुसरी हरकत जास्त जवळची आहे. सीनाच्या शहरात डॉक्टर आहे. आगाशेंसारखा शांत, वेळ देणारा. आमच्या मराठवाड्यातली सीना कुठे जाते? महाराष्ट्रात शासनाची जी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचे विभाग आहेत, पण किनवटच्या तांड्यावरच्या माणसाला नांदेडसुद्धा लांबच पडतं. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्याचा कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. तो ज्या प्रयोगावर बेतला तो बेल्लारीचा, म्हणजे आपल्या शेजारच्या कर्नाटकातला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरलाच हे आजार ओळखायला आणि औषध द्यायला शिकवायचं, ही त्यातली कल्पना. कल्पना नामी होती. पण ‘बाहेरचं आहे’, ‘लागिर आहे’ हे गावात आधी ठरतं, आणि मग गाडी सैलानीच्या वाटेला लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या दर्ग्यावर मराठवाड्यातून माणसं घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना आम्ही नावं ठेवणार नाही. तिथे निदान कुणी त्यांना हसत नाही, आणि तपासणीची फी विचारत नाही. ते जातात कारण त्यांना दुसरं दार माहीत नसतं. ‘देवराई’ने हा माणूस दाखवला नाही. सगळ्यांना सगळं दाखवता येत नाही, हे खरं. पण उणीव आहे ती आहे.

आणि गंमत अशी, की ज्या डॉक्टरांना आपण पडद्यावर पाहतो त्यांचा आपल्या भागाशी खरा संबंध आलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली. घरं नंतर बांधून झाली, पत्र्याची झाली, सिमेंटची झाली. पण जे वाचले त्यांच्या मनाचं काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या वतीने त्या भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास झाला, त्यात डॉ. आगाशे प्रमुख होते. आमच्या दृष्टीने हीच एक मोठी न लिहिलेली मराठी मालिका आहे. मातीच्या घरात झोपायला घाबरणारी म्हातारी, सिमेंटच्या घरातही अंगणात खाट टाकणारा बाप. यात कुलूप नाही, किल्ली नाही. कारण सगळ्यांनाच माहीत आहे. कारण माहीत असून भीती जात नाही. मघाचा आमचा मुद्दा याहून स्वच्छ कुठे सापडेल?

तिसरी हरकत सीनाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, त्यात आग्रा हे एक केंद्र होतं. काही वर्षांनी पाहिलं तर आग्र्यातल्या आणि नायजेरियातल्या इबादानच्या रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरी निघाली. का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण आपल्याकडे लगेच छाती फुगवून सांगितलं जातं, की ही आपल्या कुटुंबसंस्थेची किमया. असेल. पण ‘कुटुंब’ म्हणजे कोण? घरात सहा माणसं असतात, रात्री जागं राहणारं एकच असतं. ‘देवराई’ने त्या एकीला नायिका केलं हे खरं, पण तिच्यावरचा भार हलका कसा व्हावा, यावर फारसं बोलणं केलं नाही. सीना ग्रेट आहे, असं म्हणून आपण घरी जातो. सीनाला सुट्टी कोण देणार, हे विचारत नाही.

न्यायाने हेही सांगितलं पाहिजे, की ही दिग्दर्शक जोडी इथे थांबली नाही. ‘अस्तु’मध्ये आगाशेच रोगी झाले. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे निघून जातात, आणि त्यांना सांभाळते माहुताची बायको, जिला त्यांचं संस्कृत कळत नाही. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे सांभाळण्याचं काम रक्ताच्या नात्याबाहेर गेलं. मग ‘कासव’, ज्याला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. आत्महत्येच्या कडेवरून परतलेल्या एका तरुणाला एक अनोळखी बाई आपल्या घरी ठेवून घेते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला ‘का?’ असं विचारत नाही. बराच काळ कुणीच विचारत नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखली जातात, तसा तो राखला जातो.

‘कासव’ आमच्या भागातल्या प्रत्येक शिकवणी वर्गात दाखवावा, असं आम्हाला वाटतं. नांदेड आणि लातूर ही आता परीक्षांची गावं झाली आहेत. खेड्यातून सतरा-अठरा वर्षांची पोरं येतात, एका खोलीत चौघं राहतात, डॉक्टर व्हायचं म्हणून रात्रंदिवस घोकतात. त्यांच्यातलं एखादं गप्प झालं की आपण पहिला प्रश्न विचारतो तो ‘का’चा. मार्क कमी पडले का? कुणाच्या नादी लागला का? हा १९६२ च्या मालिकेचा प्रश्न आहे. किल्ली शोधायचा. त्याऐवजी ‘जेवलास का, चल माझ्यासोबत’ एवढं म्हणणं पुष्कळ वेळा पहिलं काम असतं. मग डॉक्टर, मग औषध, मग बोलणं. केंद्र शासनाचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. २०१७ च्या कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय, आणि त्याच्या काळजीची जबाबदारी शासनावर टाकलीय. कायदा ‘का’ विचारण्याआधी सोबतीला उभा राहिला. सिनेमाने ते आधी केलं की कायद्याने, हा वाद घालायचं कारण नाही.

आता आमचा निष्कर्ष सांगतो आणि थांबतो. मनाच्या डॉक्टरांवरची जुनी मालिका वाईट नव्हती. तिने रोग्याला माणूस केलं, पण त्याचा आजार कोडं करून ठेवला. ‘खामोशी’ने उपचाराची किंमत पाहिली, पण तिचे अश्रू केले. ‘देवराई’ने कोडं टाकून दिलं, डॉक्टरला त्याच्या मापात बसवलं, आणि दिवा सांभाळणाऱ्या माणसावर धरला. म्हणून तो आम्हाला मराठीतला या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक चित्रपट वाटतो, वर सांगितलेल्या तिन्ही हरकतींसकट. त्याच्या पुढचं काम बाकी आहे. रोगी स्वतःच्या तोंडाने, कुणाच्या कौतुकाविना आणि कुणाच्या रूपकाविना, आपली गोष्ट सांगतोय, अशी मराठी कलाकृती आम्हाला हवी आहे. ती पुण्या-मुंबईतूनच यावी असं काही नाही. ती किल्लारीच्या बोलीत आली तर फारच उत्तम.

तोवर आपण प्रेक्षकांनी एक सवय लावून घ्यावी. पडद्यावर डॉक्टर आणि रोगी बोलत असले, की चौकटीत मागे कोण उभं आहे ते बघायचं. औषधाची चिठ्ठी कुणाच्या हातात आहे? घरी गेल्यावर स्वयंपाक कोण करणार आहे? त्या माणसाला कथेत नाव आहे का? नाव नसेल, तर ती मालिका कितीही गाजलेली असो, तिला अजून वेडही कळलेलं नाही आणि घरही नाही.